चाचणी आणि तपासणी

आजचा विषय पत्रिकेत 'महामारीतील वैद्यकीय चाचण्यांची उपलब्धता' असा छापलाय. शीर्षक जरा जिल्हाधिकारी कार्यालयातल्या फाइलीसारखं झालंय, त्याला इलाज नाही. 'उपलब्धता' या शब्दावर मात्र आमचा आक्षेप आहे, आणि आजचं सगळं बोलणं त्या आक्षेपाभोवतीच होणार आहे. उपलब्धता म्हटलं की किट किती होते, प्रयोगशाळा किती होत्या, दिवसाला नमुने किती तपासले, एवढंच डोळ्यांसमोर येतं. हे आकडे महत्त्वाचे आहेतच. पण मार्च २०२० पासूनची दोन वर्षं आपल्या शहरात, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेत, काय घडलं ते नीट पाहिलं तर किटची टंचाई संपल्यावरही एक टंचाई उरलीच होती. आजारी माणसाला पडलेल्या प्रश्नाला उत्तर मिळण्याची टंचाई.

आपण तेव्हा दोन शब्द वापरत होतो. वर्तमानपत्रं एका बातमीत 'चाचणी' लिहायची, शेजारच्या बातमीत 'तपासणी'. बोलताना तर सगळे 'टेस्ट'च म्हणायचे, नाहीतर 'स्वॅब दिला का?' असं विचारायचे. कोशात पाहाल तर या दोन शब्दांत फार अंतर सापडणार नाही. आम्ही आज ते अंतर मुद्दाम पाडतोय, समजून घ्यायला सोपं जावं म्हणून. 'मला काय झालंय?' हा प्रश्न घेऊन माणूस स्वतः जातो, ती चाचणी. 'याला आत सोडायचं की नाही?' हा प्रश्न घेऊन यंत्रणा माणसाकडे येते, ती तपासणी. आपल्याकडे तपासणी नाका असतो. चाचणी नाका कुणी ऐकलाय? काडी तीच, नाकही तेच, पण प्रश्न कुणाचा आहे यावर सगळं बदलतं.

आता सुरुवातीला जाऊ. जानेवारी २०२० मध्ये देशात ही चाचणी करायची म्हणजे पुण्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, एनआयव्ही. १९५२ साली उभी राहिलेली संस्था, अनुभव मोठा, पण देश केवढा! मार्चच्या मध्याला आपल्या शहरात पहिला रुग्ण नोंदला गेला तेव्हाही नमुना पुण्याला गेला होता. इथून पुणे सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर. नमुना थंड डब्यात गाडीने जाणार, तिथे रांगेत लागणार, मग अहवाल येणार, आणि तोवर माणूस 'संशयित'. पुढे घाटीची स्वतःची प्रयोगशाळा सुरू झाली. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय असं म्हटलं तर रिक्षावाला विचारेल, कुठलं? म्हणून घाटीच म्हणू. जालना, परभणी, हिंगोलीचे नमुनेही तिथेच येऊ लागले. नंतर विद्यापीठातही प्रयोगशाळा उभी राहिली. सूक्ष्मजीवशास्त्र विभागातल्या माणसांनी त्या महिन्यांत पाळ्या लावून जे काम केलं त्याबद्दल कुणी टाळ्या-थाळ्या वाजवल्या नाहीत, कारण ते लोक कुणाला दिसतच नव्हते. आमची आजची टीका त्यांच्यावर नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

टीका आहे ती दारावर कोण उभं होतं यावर. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, आयसीएमआरने, मार्चमध्ये चाचणीचे निकष ठरवले होते. परदेशातून आलेला आणि लक्षणं असलेला, किंवा बाधिताच्या निकट संपर्कातला, अशांचीच चाचणी. २० मार्चला त्यात रुग्णालयात दाखल असलेले, श्वसनाचा तीव्र आजार झालेले रुग्ण आले. ९ एप्रिलला हॉटस्पॉटमधले फ्लूसारखी लक्षणं असलेले लोक आले. दार हळूहळू उघडत गेलं. किट कमी असताना निकष लावावे लागतात, हे आम्हाला मान्य आहे. पाणी कमी असलं की टँकरलाही नंबर लागतो, मराठवाड्याला हे कुणी शिकवायची गरज नाही. पण निकषाचा पहिला प्रश्न काय होता ते पाहा. 'तुम्हाला काय होतंय?' हा नव्हता. 'तुम्ही कुठून आलात?' हा होता. एखाद्या रोजंदारीवरच्या माणसाला ताप आहे, दम लागतोय, आणि तो आयुष्यात जालन्याच्या पलीकडे गेलेला नाही, तर त्याच्या तापाला निकषात जागाच नव्हती. विमानाने आलेला आजार विमानानेच येत राहील, असं जणू गृहीत धरलं होतं.

याच वेळचा तो शब्द, 'संशयित'. रोगाच्या बातमीत हा शब्द कुठून आला? इंग्रजीतल्या कागदाचं भाषांतर करताना आला असणार. पण मराठीत संशयित कोण असतो? चोरीच्या गुन्ह्यात ज्याला उचलतात तो. 'तीन संशयित ताब्यात' आणि 'तीन संशयित दाखल' या दोन बातम्या एकाच पानावर असायच्या. भाषा अशी गुपचूप काम करत असते. रोगाचा संशय असतो हे खरं, पण विशेषण रोगाला लागायच्या ऐवजी माणसाला लागलं. आणि ज्या रांगेत उभं राहिल्यावर आपल्याला संशयित म्हणणार आहेत, त्या रांगेत आपण होऊन कोण जाईल?

पैशाची गोष्ट आता. खासगी प्रयोगशाळांना परवानगी देताना २१ मार्च २०२० ला कमाल दर ठरला ४,५०० रुपये. पहिल्या तपासणीचे १,५०० आणि खात्रीच्या चाचणीचे ३,०००. त्या वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी होती दिवसाला २३८ रुपये. म्हणजे एका नाकासाठी एकोणीस दिवसांची मजुरी. घरात पाच माणसं असली तर हिशोब तुम्हीच करा. ८ एप्रिलला सर्वोच्च न्यायालय म्हणालं, खासगी ठिकाणीही चाचणी मोफत करा. पाचच दिवसांनी, १३ एप्रिलला, त्या आदेशात दुरुस्ती झाली: मोफत ती आयुष्मान भारत योजनेतल्या आणि सरकार ठरवील त्या दुर्बल घटकांना. आता कार्ड दाखवायचं आलं. कार्ड असलेला आणि लक्षणं असलेला आणि निकषात बसणारा आणि डॉक्टरची चिठ्ठी असलेला, असा माणूस शोधायचा. सरकारी रुग्णालयात पैसे लागत नव्हते हे खरंय. पण तिथे निकष होते. निकषात न बसणाऱ्याला खासगी, खासगी न परवडणाऱ्याला निकष, असं ते चक्र होतं.

पुढे काय झालं, ते फार बोलकं आहे. जून २०२० मध्ये राज्य सरकारने दर २,२०० वर आणला. ऑगस्टमध्ये १,९००, सप्टेंबरमध्ये १,२००, ऑक्टोबरमध्ये ९८०, डिसेंबरमध्ये ७००, मार्च २०२१ अखेर ५००, आणि डिसेंबर २०२१ मध्ये ३५०. घरी येऊन नमुना घेतला तर जास्त, पण ते सोडा. चाचणी तीच, यंत्र तेच, काडी तीच. साहित्य स्वस्त झालं, देशात किट बनू लागले, पुण्याच्या मायलॅबला मार्च २०२० मध्येच मान्यता मिळाली होती, ही सगळी कारणं आहेत आणि ती खोटी नाहीत. तरीही वीस महिन्यांत ४,५०० ची ३५० होते, म्हणजे पहिल्या आकड्यात शास्त्र किती होतं आणि अडलेल्याची अडचण किती होती, असा प्रश्न विचारायला हवा. शासनाने दर खाली आणले याचं श्रेय शासनाला द्यायलाच हवं. फक्त ज्याला ती चाचणी पहिल्या लाटेत हवी होती, तो डिसेंबर २०२१ पर्यंत थांबू शकत नव्हता.

आता आपल्या शहराकडे अधिक जवळून पाहू. तुम्हाला तो रोज सकाळी मोबाइलवर येणारा संदेश आठवतो का? 'जिल्ह्यात आज सकाळी इतक्या रुग्णांची वाढ', आणि खाली वस्त्यांची यादी. मुकुंदवाडी, कंसात आकडा. पुंडलिकनगर, कंसात आकडा. संजयनगर, किराडपुरा, बजाजनगर, पुढे प्रत्येकी कंसात आकडा. आम्ही समीक्षेच्या नजरेने म्हणतो, त्या वर्षी या शहरात सर्वांत जास्त वाचला गेलेला मजकूर हाच होता. लोक पूर्ण वाचत नव्हते. आपल्या वस्तीचं नाव आहे का, शेजारच्या वस्तीचं आहे का, एवढंच पाहत होते. शहराचा भूगोल माहीत नसलेल्यांनाही त्या कंसांनी तो शिकवला.

पण त्या मजकुरात एक गोष्ट नव्हती. वस्तीच्या नावापुढे बाधित किती ते होतं. त्या वस्तीत तपासले किती, हे त्या ओळीत नव्हतं. दहा जणांतले पाच बाधित आणि पाचशे जणांतले पाच बाधित, कंसातला आकडा एकच. आणि ज्या वस्तीत कुणाची चाचणीच झाली नाही, ती यादीत येणारच नाही. वाचणारा काय समजणार? तिथे रोग नाही. 'तपासलेलं नाही' याचं 'बाधित नाही' असं वाचन होतं आणि त्याला मजकूर स्वतःच जबाबदार असतो. मग ज्या गल्लीत पथकं गेली, ती गल्ली बदनाम. तिथल्या बाईला दुसऱ्या कॉलनीत धुणीभांडी करायला येऊ नको म्हणायचं. ज्या सोसायटीतल्या लोकांनी घरी नमुना देऊन गुपचूप औषधं घेतली, तिचं नाव खाली कुठेतरी. आकडा खोटा नव्हता. अर्धा होता, आणि अर्ध्या आकड्याने वस्त्यांवर शिक्के बसले.

हा शिक्का आणि चाचणीची उपलब्धता यांचा थेट संबंध आहे, आणि तो आपल्याकडे फार कमी बोलला जातो. लोक चाचणीला येत नाहीत, लपतात, पथकाला दार उघडत नाहीत, अशी ओरड तुम्ही ऐकली असेल. अडाणीपणा, अंधश्रद्धा, अफवा अशी कारणं सांगितली गेली. अफवा होत्याच. पण जरा त्या माणसाच्या जागी उभं राहून हिशोब मांडा. पॉझिटिव्ह आलो तर मी कोविड केंद्रात, घरचे विलगीकरणात, गल्लीच्या तोंडाशी पत्रे, नाव व्हॉट्सॲपवर, आणि रोज बंद. तितके दिवस घरात चूल कशी पेटायची याचं उत्तर चाचणीच्या कागदावर नव्हतं. अशा वेळी 'मला कळायलाच नको' म्हणणारा माणूस अडाणी नसतो, तो गणित करत असतो. वाळूजचं उदाहरण घ्या. बजाज ऑटोच्या कारखान्यात जुलै २०२० च्या सुरुवातीपर्यंत आठ हजारांतले सुमारे अडीचशे कामगार बाधित झाले आणि कामगार संघटनेने काही दिवस कारखाना बंद ठेवा अशी मागणी केली. ती बातमी देशभर गेली. संघटना होती, कायम नोकरी होती, म्हणून मागणी तरी झाली. त्याच वाळूजमध्ये ठेकेदाराकडे काम करणाऱ्या पोराने कुणाकडे काय मागायचं? चाचणी मोफत असली तरी पावतीवर न लिहिलेला खर्च तो भरतच होता.

आणखी एक कागद त्याच दिवसांतला. एप्रिल-मे २०२० मध्ये परराज्यात आपल्या गावी जाणाऱ्या मजुराला डॉक्टरचं प्रमाणपत्र लागत होतं: फ्लूसदृश लक्षणं नाहीत. चाचणी नाही बरं का. बघून दिलेलं प्रमाणपत्र. त्याने त्या मजुराला काही कळत नव्हतं आणि विषाणूलाही काही फरक पडत नव्हता. पण रांगा लागल्या, पैसे मोजले गेले, दवाखान्यांच्या दारात गर्दी झाली, म्हणजे संसर्गाची सोयच. करमाडजवळ रुळांवर जालन्याहून पायी निघालेले १६ मजूर गेले तो ८ मे याच दिवसांतला.

जुलैमध्ये मात्र चित्र पालटलं, आणि इथे आमच्या विषयाचा गाभा आहे. १४ जून २०२० ला आयसीएमआरने अँटिजेन चाचणीला मान्यता दिली. अर्ध्या तासात निकाल, प्रयोगशाळा नको, टेबल-खुर्ची पुरे. १० ते १८ जुलै शहरात कडक संचारबंदी झाली आणि ती उठताना महापालिकेने ठरवलं, दुकान उघडायचं तर आधी अँटिजेन चाचणी. व्यापारी, भाजीवाले, दूधवाले, सलूनवाले. शहरात येणाऱ्या रस्त्यांवरही, नगर नाक्यावर, हर्सूल टी-पॉइंटवर, टेबलं लागली. आदल्या दोन-तीन महिन्यांत जी गोष्ट मागून मिळत नव्हती, ती आता रस्त्यावर हात धरून दिली जात होती.

महापालिकेच्या या कामाचं तेव्हा कौतुक झालं. काही प्रमाणात ते योग्यच होतं. रोज शंभर लोकांशी बोलणारा दुकानदार लक्षणं नसताना बाधित असेल तर तो सापडलेला बरा, आणि असे सापडले. हे आम्ही नाकारत नाही. पण त्या चाचणीची ताकद काय होती? मान्यतेच्या वेळी आयसीएमआरने जी पडताळणी दिली तीत तिची संवेदनक्षमता होती ५०.६ ते ८४ टक्के. सोप्या भाषेत, शंभर बाधित लोक टेबलापुढे उभे केले तर त्यांतले १६ ते ४९ जण 'निगेटिव्ह' म्हणून जाणार. म्हणूनच आयसीएमआरने बजावलं होतं की लक्षणं असलेला निगेटिव्ह आला तर त्याची आरटी-पीसीआर कराच. म्हणजे पॉझिटिव्ह आला तर विश्वास ठेवा, निगेटिव्ह आला तर जपून, असं त्या काडीचं म्हणणं होतं. आपण नेमकं उलटं केलं. निगेटिव्हला प्रमाणपत्र केलं. दुकानाच्या गल्ल्याखाली ठेवायचं, पथक आलं की दाखवायचं. मंगळवारी सकाळी अकरा वाजता माझ्या नाकात काय होतं, एवढंच तो कागद सांगतो. बुधवारचं त्याला काही माहीत नसतं. पण कागदावर सही-शिक्का असला की आपल्याकडे तो महिनाभर बोलत राहतो.

आणि याच जुलैमध्ये दुसरीकडे काय होतं? खासगी प्रयोगशाळेत जाऊन स्वतःच्या पैशाने चाचणी करायची तर डॉक्टरची चिठ्ठी लागत होती. मुंबईने ती अट ७ जुलैला काढली. देशपातळीवर मागाल त्याला चाचणी असं आयसीएमआरने ४ सप्टेंबरला म्हटलं. महापालिकेच्या केंद्रांवर लक्षणं असलेल्यांचे नमुने घेतले जात होते, हे खरं. पण घरात म्हातारी आई आहे, मी बाहेर फिरतोय, मला काही होत नाही पण मला जाणून घ्यायचंय, असं म्हणणाऱ्याला ते चार महिने उत्तर काय होतं? चिठ्ठी आणा. शटर वर करायचं असेल तर मात्र चिठ्ठी नको, टेबलाशी या. आईसाठी नाही, शटरसाठी हो. ही दोन दारं एकाच शहरात एकाच महिन्यात होती. आम्ही ज्याला चाचणी आणि तपासणी म्हणतोय, ती हीच.

नोव्हेंबर २०२० मध्ये नववी ते बारावीच्या शाळा उघडायच्या होत्या तेव्हा शिक्षकांची हीच गत झाली. २३ तारखेच्या आधी आरटी-पीसीआर सक्तीची, मोजके दिवस, आणि केंद्रांवर रांगा. शिक्षक दिवस-दिवस एकमेकांच्या मागे उभे. बरं, एकदा केलेली चाचणी डिसेंबरमधल्या वर्गाची हमी कशी देणार, हे विज्ञान शिकवणाऱ्या मास्तरांनी विचारायला हवं होतं. काहींनी विचारलंही असेल. रांगेत विचारलेल्या प्रश्नांची नोंद होत नाही.

इथे जगाकडे एकदा पाहून घेऊ, कारण कुणीतरी म्हणेल, दुसरं करता काय आलं असतं? ९ एप्रिल २०२१ पासून इंग्लंडमध्ये कुणालाही आठवड्यातून दोन जलद चाचण्या मोफत मिळू लागल्या. जर्मनीत त्याआधी मार्चमध्ये आठवड्याला एक मोफत चाचणी सुरू झाली. दोन्हीकडे पैसा अफाट गेला, टीका झाली, आणि पुढे त्या योजना बंदही झाल्या. आमच्याकडे तेवढा पैसा नव्हता, हे आम्ही लगेच मान्य करतो. पण तंत्र पाहा. तीही याच जातीची, कमी संवेदनक्षम चाचणी. ती पुन्हा पुन्हा केली, ताप वाटला तेव्हा केली, आजीला भेटायच्या सकाळी केली, तर तिचा उपयोग आहे. आज चुकली तर परवा सापडते. नाक्यावर एकदाच केली आणि कागद दिला, तर तिचे सगळे दोष शिल्लक राहतात आणि गुण वाया जातो. म्हणजे निम्मा प्रश्न पैशाचा आहे. निम्मा, काडी कुणाच्या हातात द्यायची, याचा आहे.

आपल्याकडेही ती हातात आली, पण केव्हा? मायलॅबच्या कोविसेल्फ या घरी करायच्या किटला मान्यता मिळाली मे २०२१ मध्ये, किंमत २५० रुपये. दुसरी लाट तेव्हा आपल्याकडे शिखर गाठून उतरत होती. एप्रिलमध्ये अहवालाची वाट पाहत, खाटेसाठी अहवाल हवा आणि अहवालासाठी वेळ हवा या कात्रीत जी घरं सापडली, त्यांना ते किट मिळालं नाही. ज्यांनी ते दिवस काढलेत त्यांच्यापुढे आम्ही जास्त बोलत नाही.

त्यानंतरची गंमत सांगतो, गंमत म्हणायची का ते तुम्ही ठरवा. जानेवारी २०२२, तिसरी लाट. लोक औषधाच्या दुकानातून किट घेऊन घरी चाचणी करू लागले. आता मात्र यंत्रणा बेचैन झाली. पॉझिटिव्ह आलेले कळवत नाहीत, आकडे समजत नाहीत. चिंता खोटी नव्हती. मुंबई महापालिकेने काय केलं? किट कोण घेतो याची औषध दुकानदारांनी नोंद ठेवून कळवायची, असा नियम काढला. आपल्या शहरात तोवर लस न घेतलेल्याला पेट्रोल, गॅस आणि रेशन नाही, असा जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश नोव्हेंबर २०२१ मध्ये निघून गेला होता, त्यामुळे वहीत नाव लिहिण्याचं आपल्याला काय नवल! पण जरा थांबून पाहा. खोकला आला म्हणून एक माणूस, कुणी सांगितलं नसताना, स्वतःच्या खिशातले अडीचशे रुपये काढून दुकानात उभा आहे. दोन वर्षांत पहिल्यांदाच प्रश्न पूर्णपणे त्याचा आहे. आणि दुकानदार काउंटरखालून वही काढून विचारतोय: नाव? पत्ता? मोबाइल नंबर?

चला, प्रश्न घेऊ या. मागे हात वर दिसतोय, त्यांना आधी माइक द्या.